आईच्या फोनला अपडेट आलंय. दुकानदार म्हणतो करू नका. काय करू?

तुमचा प्रश्न असा आहे: आईच्या फोनवर बरेच दिवस अपडेटची सूचना येतेय, आणि मोबाइलच्या दुकानात विचारलं तर 'अपडेट केलं की फोन स्लो होतो, बॅटरी उतरते, स्क्रीनवर रेष येते, राहू द्या' असं उत्तर मिळालं. शिवाय पुढचा फोन घेताना काय बघायचं, हेही तुम्ही विचारलंय.

करा. पण आधी कोणतं अपडेट आलंय ते बघा, कारण दुकानदार दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालतायत. एक असतो सुरक्षा पॅच. तो आकाराने लहान असतो, दिसण्यात काहीच बदलत नाही, फक्त चोरांना आत शिरू देणारी सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवतो. दुसरं मोठं अपडेट, म्हणजे अँड्रॉइड १५ वरून १६ वर जाणं. ते बऱ्याचदा काही जीबींचं असतं आणि मेनूपासून आयकॉनपर्यंत बरंच हलवून टाकतं. सूचनेवर टॅप केलं की यातलं काय आहे ते लिहिलेलं असतं. सुरक्षा पॅच असेल तर आज रात्रीच करून टाका. मोठं असेल तर थोडं थांबायला हरकत नाही.

सुरक्षा पॅचबद्दल मी इतका आग्रही का? जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधली 'स्टेजफ्राइट' नावाची त्रुटी उघड झाली. मुद्दाम बिघडवलेली व्हिडिओ फाइल एमएमएसने पाठवली की फोनचा ताबा घेता येत होता, समोरच्याने ती उघडायचीही गरज नव्हती. त्या धक्क्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला पॅच द्यायला सुरुवात केली. विंडोजचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. संगणकातल्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' हल्ला मे २०१७ मध्ये झाला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं अडली. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच मार्चमध्येच दिला होता. औषध दोन महिने घरात होतं, घेतलं नव्हतं.

आता दुकानदाराच्या बाजूने. त्यांचा अनुभव खोटा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला, तो याच मुद्द्यावर: जुन्या फोनवर जड अपडेट ढकललं आणि त्याने काय होईल हे ग्राहकाला नीट सांगितलं नाही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं होतं, की बॅटरी म्हातारी झालेल्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी केला, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. तांत्रिक कारण पटण्यासारखं होतं, पण ते लपवलं हे चूकच. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पिक्सेल ४ए या फोनला असंच अपडेट दिलं, अनेकांच्या बॅटऱ्या त्यानंतर पहिल्यासारख्या टिकेनात. कंपनीने मोफत बॅटरी किंवा पैशांचा पर्याय दिला खरा, पण नेमका धोका काय होता हे सुरुवातीला मोकळेपणाने सांगितलं नाही. अशा वागण्यामुळेच लोकांचा अपडेटवरचा विश्वास उडतो, आणि मग ते सुरक्षा पॅचही टाळू लागतात. मला याचा खरंच राग येतो.

पण बहुतेक वेळा 'स्लो झाला' ही तक्रार पहिल्या एक-दोन दिवसांतली असते. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी ॲप्स नव्या प्रणालीसाठी पुन्हा जुळवून घेतो आणि फोटोंची यादी नव्याने बनवतो. प्रोसेसर आतल्या आत राबत असतो, म्हणून फोन कोमट लागतो आणि चार्जिंग झपाट्याने उतरतं. रात्रभर चार्जिंगला लावून वाय-फायवर ठेवा, फरक पडतो. दोन दिवसांनीही तसाच असेल तर स्टोरेज बघा. ६४ जीबीच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या सुप्रभात फोटोंनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी जागा काठोकाठ भरलेली असेल, तर अपडेट असो वा नसो, तो अडखळणारच.

स्क्रीनवरच्या हिरव्या रेषेबद्दल: ती अमोलेड प्रकारच्या स्क्रीनमधली, म्हणजे हार्डवेअरची खराबी आहे, पॅच टाळून ती टळत नाही. भारतात या तक्रारी इतक्या आल्या की वनप्लसने अशा स्क्रीनसाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली. रेष आलीच तर दुकानात पैसे मोजण्याआधी त्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

मोठ्या अपडेटच्या बाबतीत माझी पद्धत अशी. पहिल्या दिवशी कधीच नाही. त्यानंतरचं एखादं दुरुस्ती-अपडेट येऊ द्यायचं, त्याच मॉडेलच्या लोकांचे अनुभव वाचायचे, फोटोंचा बॅकअप घ्यायचा, मगच बटण दाबायचं. प्रवासाच्या किंवा बँकेच्या कामाच्या आदल्या रात्री तर नाहीच. कारण मागे फिरणं सहसा शक्य नसतं. पिक्सेल ६ अँड्रॉइड १३ वर गेला, की १२ वर परतायची वाट गूगलने सुरक्षेच्या कारणासाठी बंदच केली होती. ४ जीबी रॅमच्या जुन्या फोनवर मोठं अपडेट घेताना मीही दोनदा विचार करतो. अडचण अशी, की बऱ्याच कंपन्या पुढचे सुरक्षा पॅच नव्या आवृत्तीवरच देतात, त्यामुळे फार काळ अडून राहता येत नाही.

अपडेटने नुसतं बिघडतंच असंही नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं, तेव्हा आयफोन १२ वाल्यांच्या हातात ५जी चं हार्डवेअर आधीपासून होतं, पण नेटवर्क मिळालं ते डिसेंबरमध्ये, आयओएस १६.२ हे आयफोनचं अपडेट आल्यावर. उलट्या बाजूचं उदाहरणही आयफोनचंच. सप्टेंबर २०२३ चा साधा आयफोन १५ पुढच्याच वर्षी ॲपलच्या एआय सुविधांना मुकला, त्या फक्त १५ प्रो आणि त्यापुढच्यांना मिळाल्या. 'पुढे अपडेटमध्ये येईल' या भरवशावर पैसे मोजू नका. आज फोनमध्ये जे आहे त्याचेच पैसे द्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावलं ती. आपल्या घरात फोन उतरत जातो. मुलगा नवा घेतो, त्याचा जुना आईकडे, आईचा आजोबांकडे, तो बंद पडेपर्यंत. म्हणजे घरातला सर्वांत जुना, पॅच बंद झालेला फोन नेमका अशा माणसाच्या हातात पोचतो ज्याची पेन्शन त्याच फोनवरच्या बँकेच्या ॲपमध्ये दिसते, आणि ज्याला आलेली लिंक खरी की खोटी हे ओळखणं सर्वांत अवघड जातं. म्हणून आईचा फोन हातात घ्या, सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडा, अँड्रॉइडच्या आवृत्तीवर टॅप करा आणि सुरक्षा अपडेटची तारीख वाचा. ती वर्षभरापेक्षा जुनी असेल आणि नवं काही येतच नसेल, तर त्या फोनवरून यूपीआय आणि बँकेचं ॲप काढून टाका. गाणी, भजनं, व्हिडिओ कॉल यांना तो खुशाल वापरा.

हाच निकष नव्या फोनला लावा. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल दुकानात कोणीही सांगेल, तुम्ही विचारा की सुरक्षा अपडेट किती वर्षं आणि कधीपर्यंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांचं आश्वासन मिळालं. ते महाग आहेत, मान्य. पण गॅलक्सी ए१६ ५जी सारख्या त्यामानाने स्वस्त फोनलाही सहा वर्षांचं आश्वासन आहे, मग बाकीच्यांना काय अडचण आहे? एक मेख मात्र लक्षात ठेवा: ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्तात मिळणाऱ्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची तेवढी वर्षं आधीच संपलेली असतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायची. मोजणी विक्री संपल्यापासून, हे त्यातलं सर्वांत चांगलं. आपल्याकडेही असा नियम हवा, कारण फोन वर्षानुवर्षं पुरवून वापरणारी माणसं इथेच जास्त आहेत.

आणि आईला एवढं नक्की सांगा: अपडेट फक्त सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर कोणी 'बँकेचं नवं अपडेट' किंवा 'आरटीओ चलान' म्हणून एपीके फाइल (उघडली की थेट ॲप बसवणारी) पाठवली, तर ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी उघडायची नाही. त्या माणसाचा फोनच कोणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो.

फोनचं मॉडेल आणि ती तारीख खाली लिहा, म्हणजे अजून किती काळ पॅच मिळतील ते शोधून सांगतो.