टायरच्या चपला आणि रारामुरींची धाव

प्रश्न : माझे वय 46 असून गेली तीन वर्षे मी रोज पहाटे आठ किलोमीटर धावतो. मेक्सिकोतील ताराहुमारा आदिवासींची एक चित्रफीत नुकतीच पाहिली. टायरच्या चपला घालून ते शंभर-शंभर मैल धावतात म्हणे. हे त्यांच्या रक्तातच असते का? मीही बूट सोडून तशा चपला करून घ्याव्यात आणि येत्या डिसेंबरात सिमरोल घाटाच्या रस्त्याने 50 किलोमीटर धावावे, असे मनात आहे. घरून मात्र ‘आधी कोणाला तरी विचारा’ असा आग्रह आहे.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : डिसेंबर फार लांब नाही, म्हणून शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. चपला आणि घाट या दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात नकोत. घरचा आग्रह रास्त आहे.

ज्यांना बाहेरचे लोक ताराहुमारा म्हणतात, ते स्वतःला रारामुरी म्हणवतात. वायव्य मेक्सिकोतील चिवावा राज्यात, सिएरा माद्रे पर्वताच्या खोल दऱ्यांमध्ये त्यांची विखुरलेली वस्ती आहे. तिथे शेजाऱ्याकडे जायचे तरी एक उतार उतरून दुसरा चढ चढावा लागतो, आणि शेळ्यांमागे, शेतावर, सरपणासाठी लहानपणापासून जी पायपीट होते तीच त्यांची पहिली तालीम असते. धावणे रक्तात असते, ही समजूत ऐकायला गोड असली तरी खरी नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या ‘जन्मजात धावपटू आदिवासी’ कल्पनेचा समाचार घेतला आहे. त्यांच्या मते रारामुरींची चिकाटी कष्टातून, चालण्यातून, रात्रभराच्या नाचातून आणि शर्यतींतून घडते. पूर्वी हरणाचा ते थकेपर्यंत पाठलाग करून शिकार केली जाई, तिचाही त्यात वाटा होता.

त्यांची खरी शर्यत आपण चित्रफितीत बहुधा पाहिली नसावी. तिला राराहिपारी म्हणतात. दोन चमू असतात आणि प्रत्येकाचा एक लाकडी चेंडू असतो. तो पायाने पुढे उडवायचा आणि त्याच्यामागे धावायचे. चेंडू खडकांत किंवा झुडपांत गेला की शोधावा लागतो, त्यामुळे धावणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे असा खेळ तासन्‌तास चालतो. मोठ्या शर्यतीत रात्र होते, मग लोक पाइनच्या लाकडाच्या मशाली घेऊन धावणाऱ्यांसोबत जातात. किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब दगड मांडून ठेवतात. स्त्रियांची शर्यत वेगळी असते. तिला आरिवेता म्हणतात आणि तीत चेंडूऐवजी लहानसे कडे काठीने पुढे फेकायचे असते. शर्यतीवर दोन्ही बाजूंच्या लोकांच्या पैजा लागतात, घोंगड्या, कापड, धान्य आणि पैसे पणाला लागतात. आपल्याकडे वारीच्या रिंगणात वारकरी धावतात, तेव्हा पहिला कोण आला हे कोणी विचारत नाही; रारामुरींकडे ते नक्की विचारतात. मात्र धावणारा एकटा नसतो, त्याच्यामागे अख्खी वस्ती असते, आणि हे बळ कोणत्याही दुकानातल्या चपलेत मिळत नाही.

बाहेरच्या स्पर्धांत त्यांची कामगिरी दोन्ही प्रकारची आहे. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधील मॅरेथॉनमध्ये होसे तोरेस आणि औरेलियो तेर्रासास धावले, पण पदक लांबच राहिले. याउलट अमेरिकेतील लेडव्हिलच्या 100 मैलांच्या शर्यतीत, जी तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर सुरू होते, 1993 साली 55 वर्षांचे व्हिक्टोरियानो चुर्रो पहिले आले, आणि 1994 साली हुआन हेर्रेरा यांनी ती साडेसतरा तासांत जिंकली. 2017 मध्ये लोरेना रामिरेस हिने पुएब्ला येथील 50 किलोमीटरची शर्यत घागरा आणि चपला घालूनच जिंकली. वय 46 म्हणजे उशीर झाला, असे आपल्याला वाटत असेल तर चुर्रोंकडे पाहावे.

आता चपला. त्यांना तिकडे ‘उआराचे’ म्हणतात. टायरचा तुकडा कापून चामड्याच्या पट्ट्या बांधल्या की झाल्या. आपल्याकडेही टायरच्या चपला नवीन नाहीत, फक्त त्यांना कोणी क्रीडासाहित्य म्हणत नव्हते. अशा चपलांत माणूस आपोआप पायाच्या पुढच्या भागावर उतरतो, असे सांगितले जाते. पण लीबरमन यांच्या 2014 च्या पाहणीत उआराचे घालणाऱ्या रारामुरींपैकी सुमारे 30 टक्के टाचेवरच उतरत होते. दुसरीकडे, नेहमीचे बूट वापरणाऱ्या धावपटूंना दहा आठवड्यांत अगदी पातळ तळाच्या बुटांकडे वळवले गेले, तेव्हा 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत सूज आढळली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बूट न बदललेल्या 17 जणांत मात्र अशी एकच व्यक्ती होती. मी स्वतः एकदा पंधरा दिवसांत ‘निसर्गाकडे’ वळण्याचा उद्योग केला होता आणि पुढचे दोन महिने पोटरी शेकत बसलो होतो.

तरीही हौस असेल, तर चपला आधी घरात आणि बाजारहाटाला वापराव्यात. नंतर आठवड्यातून दोनदा, फार तर एक किलोमीटर मातीवर धावावे. टाचेमागे किंवा तळव्याच्या हाडात एकाच जागी दुखू लागले, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. घाटासाठी सवयीचेच बूट घालावेत आणि या वर्षी 50 ऐवजी 20 किलोमीटरचे अंतर ठेवावे. चढ चालत चढावा. अल्ट्रा धावणारे अनुभवी लोकही तेच करतात.

प्रश्न : अल्ट्रा म्हणजे नेमके किती अंतर?
— एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरहून जास्त असलेले कोणतेही अंतर. 50 आणि 100 किलोमीटर, 50 आणि 100 मैल ही रूढ अंतरे आहेत. काही शर्यतींत अंतराऐवजी 12 किंवा 24 तासांची वेळ ठरलेली असते.

प्रश्न : हे लोक धावताना काय खातात? ते इथे मिळेल का?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : बाजारात हिंडण्याची गरज नाही. त्यांचे पिनोले म्हणजे भाजलेल्या मक्याचे पीठ, जे पाण्यात कालवून पितात. आपले सातूचे पीठ त्याचे जवळचे भावंड आहे. तिकडे चियाच्या बिया भिजवून पितात, आणि आपला सब्जा वेगळ्या झाडाचा असला तरी भिजवल्यावर तसाच बुळबुळीत होतो. मक्याचेच आंबवलेले पेय ‘तेस्ग्विनो’ सणासमारंभात आणि सामूहिक कामाच्या वेळी प्यायले जाते, त्याची नक्कल मात्र करू नये.

त्यांचा नेहमीचा आहार मका, घेवडा आणि भोपळा असा साधा असतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 13 रारामुरींना पाच आठवडे श्रीमंत देशांतला तेलकट-गोड आहार दिला, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल 31 टक्क्यांनी वाढले आणि वजन सरासरी 3.8 किलोंनी. घरातील धावणाऱ्यांनी रविवारच्या धावेनंतर पोहे जरूर खावेत. जिलेबीचा आग्रह झाला, तर हा आकडा सांगावा. लांब धावताना सातूच्या पिठात मीठ घालावे, आणि तहान नसताना केवळ धाकाने पाणी पीत राहू नये, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.