नववीतलं सर्किट, बारावीनंतरचं भौतिकशास्त्र

प्रश्न : मी नववीत आहे, लालबागला एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय. घरचे म्हणतात, सामान महाग असतं आणि शॉक बसेल. सुरुवात कशाने करू?

उत्तर : अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्यापासून कर. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे शॉकचा प्रश्नच नाही. प्लगमधल्या २३० व्होल्टना मात्र या वर्षी हात लावायचा नाही, यात घरच्यांचं बरोबर आहे.

सामान असं : ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी), बॅटरी आणि तिची क्लिप, लाल एलईडी, एलडीआर (उजेड वाढला की रोध कमी होणारा भाग), बीसी५४७ ट्रान्झिस्टर (इथे स्विचचं काम करतो), ४७० ओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, जंपर वायर. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सुटं मिळतं. मल्टिमीटर (व्होल्ट, धारा, रोध मोजायचं यंत्र) सोडला तर तीनशेच्या आत काम होतं. ट्रान्झिस्टर आणि एलईडी जास्तीचे घे, एखादा जळणारच. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोड. धन टोकाला ४७० ओहम, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय कलेक्टरला. १०० किलोओहमचा रेझिस्टर धन टोक आणि बेस यांच्यामध्ये, एलडीआर बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये. चांगल्या उजेडात एलडीआरचा रोध काही हजार ओहमवर उतरतो, बेसवर ०.६ व्होल्टही उरत नाहीत आणि ट्रान्झिस्टर बंद राहतो. अंधारात रोध लाखांत जातो, धारा बेसकडे वळते, दिवा लागतो.

पहिल्या फटक्यात चाललं नाही तर उत्तमच, खरं शिक्षण तिथे सुरू होतं. दिवा विझतच नसेल तर खोलीतला उजेड कमी पडतोय. या जोडणीत एलडीआरचा रोध साधारण ७ किलोओहमच्या खाली यावा लागतो. बोर्ड खिडकीशी ने, किंवा १०० च्या जागी २२० किलोओहम लाव. मग सुमारे १५ किलोओहमलाही विझेल. पण बेसची धारा निम्म्याहून कमी झाल्याने दिवा मंद लागेल, हा सौदा आहेच. दिवा अर्धवट पेटून घुटमळत असेल तर एलईडीचा प्रकाश एलडीआरवर पडतोय, मध्ये पुठ्ठा उभा कर. लागतच नसेल तर एलईडी उलटा आहे का ते बघ. लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्या कधीकधी मध्यावर तुटक असतात, तेही तपास. आणि मल्टिमीटर धारा मोजायच्या सेटिंगवर ठेवून थेट बॅटरीला लावू नकोस, बॅटरी शॉर्ट होते आणि आतला फ्यूज उडू शकतो.

दिवा चालला की मोजायला लाग. एलडीआर सर्किटमधून काढून मल्टिमीटरला जोड. खोलीत अंधार करून त्याला एखाद्या पेटलेल्या दिव्यापासून १०, २०, ३०, ४० सेंटिमीटरवर ठेव, प्रत्येक अंतरावर तीनदा रोध माप आणि आलेख काढ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठीच असते, मराठीतूनही देता येते. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेपुढे गेलास की कृतिसंशोधन प्रकल्प करावा लागतो. तिथे अशी आकड्यांची वही रंगवलेल्या थर्माकोलपेक्षा कितीतरी भारी. शाळेत आजच विचार.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, तिला भौतिकशास्त्रच करायचंय. नातेवाईक म्हणतात, इंजिनिअरिंग सोडून हे कशाला? (एक आई, कांदिवली)

उत्तर : आधी फॉर्मचं बघा, नातेवाईक नंतर. नुसती एमएचटी-सीईटी देऊन ती आयसरमध्ये (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत) जाणार नाही. त्यासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा असते : ६० प्रश्न, २४० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. चारही विषयांचे १५-१५ प्रश्न असतात, म्हणजे जीवशास्त्राचे ६० गुण आहेतच. गणिताची मुलं हा भाग कोरा सोडतात आणि तिथेच मागे पडतात. दहावीपर्यंतचं जीवशास्त्र नीट वाचून अकरावीतला पेशी आणि बारावीतला आनुवंशिकता यांसारखे निवडक धडे केले तरी फरक पडतो. घराजवळ राहायचं असेल तर कलिन्याच्या विद्यापीठ परिसरात अणुऊर्जा विभागासोबतचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे. पाच वर्षांचं एकत्रित एमएस्सी, प्रवेश नेस्ट परीक्षेतून.

पैशाचं म्हणाल, तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडेभत्ता वेगळा. हे पीएचडी करताना मिळतं. मात्र पक्की नोकरी लागेपर्यंत वय तिशीच्या पुढे जातं, हे मुलीला आत्ताच स्पष्ट सांगा.

प्रश्न : दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी सायन्स? मुलाला मशिनची आवड आहे. (एक वडील, भांडुप)

उत्तर : मशिनचीच आवड असेल तर डिप्लोमा. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अडचण गणिताची येते : पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित न शिकता मुलगा दुसऱ्याच्या गणितात जाऊन पडतो. डिप्लोमानंतरच्या सुट्टीत कलनशास्त्र (कॅल्क्युलस) पक्कं करून घ्यायला लावा. संशोधनाकडे जायचा थोडासुद्धा विचार असेल तर मात्र अकरावीच.