चांदीवर कोरतोस, जर्मनीला यायचंय? आधी रोमन अक्षर घोट

तुझा प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या गुजरीत आठ वर्षं सोन्या-चांदीवर कोरीवकाम, हुपरीच्या चांदी कारखानदारांसाठी दागिन्यांची नक्षी उठवायचे थोडे ठसेही कोरलेत, आता हेच काम जर्मनीत करायचं, तर कागद कोणते लागतील आणि हत्यारं सोबत आणावीत का?

कागदांपासून सुरू करू, कारण बहुतेकांची गाडी तिथंच अडते. इथं कोरणाऱ्याला 'ग्राव्योर' म्हणतात आणि तो 3 वर्षं शिकून घ्यायचा धंदा आहे. तुझ्याकडे किमान 2 वर्षांचा सरकारमान्य अभ्यासक्रम असेल, म्हणजे आयटीआय किंवा कलेचा डिप्लोमा, तर जून 2024 पासून सुरू झालेलं शान्सनकार्ट, म्हणजे नोकरी शोधायचा व्हिसा, बघ. त्यावर इथं येऊन वर्षभर नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला 20 तास काम करता येतं. त्यासाठी शिक्षण, अनुभव, वय, भाषा अशा गोष्टींवर मिळणारे किमान 6 गुण, ए1 (अगदी पहिल्या) पातळीचं जर्मन किंवा बी2 (वरच्या मध्यम) पातळीचं इंग्रजी आणि राहण्याखाण्यापुरते पैसे दाखवावे लागतात. "याने माझ्याकडे आठ वर्षं काम केलं" हे मालकाचं पत्र जोडायला चांगलं, पण अभ्यासक्रमाच्या जागी ते चालत नाही.

असा कागदच नसेल तर सरळ वाट आउसबिल्डुंगची, म्हणजे शिकाऊ प्रशिक्षणाची. कारखान्यात काम, सोबत शाळा, दरमहा थोडा पगार, आणि शेवटी हाती पडणारं प्रमाणपत्र जर्मनीभर चालतं. त्याला बी1 जर्मन धरून चाल. परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात देता येते. आठ वर्षं काम केलेल्या हाताला पुन्हा शिकाऊ म्हणून बसणं जड जातं, हे खरं. पण एजंटाला लाख-दीड लाख देण्यापेक्षा तेच पैसे भाषेच्या वर्गात घाल.

आता काम. नुसत्या हातकामावर पोट भरणाऱ्या जागा थोड्या. बऱ्याच ठिकाणी लेझर किंवा सीएनसी (संगणकावर चालणारं कोरयंत्र) आणि वर हाताची सफाई असं मिश्रण असतं. कोरलड्रॉ हे नक्षी आखायचं सॉफ्टवेअर येत नसेल तर निघण्याआधी शीक. दागिन्यांसाठी फोर्त्सहाइमच्या आसपास शोध, ठशांसाठी कुठंही.

तुझा हात 22 कॅरेटला सरावलेला आहे. इथं लग्नाची अंगठी सहसा 585 ची, कधी 333 ची, म्हणजे हजारात 333 भागच सोनं. ती कोरणीला दाद देत नाही. मऊ सोन्याला कोरणीचं तोंड 45 अंशांवर चालतं, इथं ते 50 कर. खालची टाच, म्हणजे टोकाच्या पोटाला घासलेली छोटी बाजू, 15 ते 20 अंश ठेव. पोलादाला 90 ऐवजी 120 अंशांचं व्ही टोक घे, ते लवकर उडत नाही. टाच लांब राहिली तर वळणावर बाहेरची कड खरवडते आणि रेघेला मिशा फुटल्यासारख्या दिसतात. मग माणूस हाताला दोष देतो, दोष धार लावण्यात असतो. टाचेचा कोन फार कमी असला की कोरणी घसरते आणि सगळी अंगठी पॉलिशला परत जाते. कार्बाइडची कोरणी कडक असते पण ठिसूळ; कोरताना मूठ वर उचलून कपची काढायची सवय असेल तर टोक गेलंच म्हणून समज.

तू विचारलं नाहीस, पण खरी मेख अक्षरात आहे. देवनागरी शिरोरेषेला लटकते, आपली नजर वरची रेघ सरळ ठेवायला सरावलेली. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं. गोल 'ओ' त्या रेघेच्या केसभर खाली उतरवावा लागतो, नाहीतर तो लहान दिसतो. 'ए' आणि 'व्ही' शेजारी आले तर पट्टीनं समान अंतर ठेवूनही मध्ये खिंडार दिसतं. तिथं अंतर डोळ्यानं कमी करायचं. आणि जर्मन 'यू'वरची (Ü) दोन टिंबं विसरलास तर आडनावच बदलतं, अंगठी वाया.

हत्यारं: कोरण्या आण, पण चेक-इन सामानात. वापरातली हत्यारं स्थलांतराच्या सामानात जकातमुक्त आणता येतात. किमान 6 महिने वापरलेली हवीत, यादी करून ठेव. पॉलिशच्या वगैरे विजेच्या मोटारी आणू नकोस. व्होल्टेज सारखंच, पण पिना वेगळ्या, आणि मोटारीचं वजन काय कमी असतं? नायट्रिक, फेरिक क्लोराइड ही धातू खाणारी रसायनं तर नाहीच. इथं वापरलेलं फेरिक मोरीत ओतायचं नाही. त्यात तांबं उतरलेलं असतं, ते कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावं लागतं.

स्वतःचं दुकान काढायला या धंद्यात 'माइस्टर' (उस्ताद कारागीर) पदवीची सक्ती नाही, मात्र व्हिसात स्वतंत्र धंद्याची परवानगी हवी.

नमुने पाठवताना साजाचा फोटो नको. पान ठशावर ठोकून काढलेलं असेल तर मालक पहिला प्रश्न विचारेल, ठसा कुणी कोरला? तू कोरला असशील तर ठशाचाच फोटो दे. शिवाय 100 बाय 60 मिलिमीटरची पितळी पट्टी घे: एका ओळीत 3 मिलिमीटर उंचीची कॅपिटल अक्षरं, खाली तिरपी लिपी, कोपऱ्यात एक वेल. उजेड बाजूनं, तिरपा पडू दे, शेजारी मोजपट्टी ठेव, आणि पट्टी कोरल्यावर वरून पॉलिश मारू नकोस. तुझ्या रेघेची कड त्यांना बघायची असते.