‘डीसी’ म्हणजे खांब की मुका खांब? आणि ‘गेज’ कशाला म्हणतात?

विचारणा अशी आहे: क्रोशाच्या इंग्रजी नमुन्यात येणाऱ्या ‘डीसी’चा अर्थ एका ठिकाणी खांब (उंच टाका) दिलाय, दुसऱ्या ठिकाणी मुका खांब (बुटका टाका). बरोबर कोणता? आणि नमुन्याच्या सुरुवातीलाच जे ‘गेज’ लिहिलेलं असतं, ते काय?

डीसीचे दोन्ही अर्थ बरोबर आहेत. डीसी म्हणजे डबल क्रोशे, पण अमेरिकी नमुन्यात डबल क्रोशे हा खांब आणि ब्रिटिश नमुन्यात तोच मुका खांब. सगळी नावंच एकेक पायरी सरकलेली आहेत. अमेरिकी एससी, म्हणजे सिंगल क्रोशे, तो ब्रिटिश डीसी. अमेरिकी एचडीसी, आपला अर्धा खांब, ब्रिटिश नमुन्यात एचटीआर (हाफ ट्रेबल) होतो. अमेरिकी डीसी तिकडे टीआर (ट्रेबल), आणि अमेरिकी टीआर तिकडे डीटीआर (डबल ट्रेबल). साखळीचं सीएच (चेन) मात्र दोन्हीकडे सारखं.

पाठ करण्यापेक्षा हातातल्या सुईकडे बघावं. मुका खांब घालताना सुई टाक्यात घालून दोरा ओढून आणला की सुईवर २ लूप असतात आणि ते एकाच ओढीत निघतात. खांबाला आधी एक वेढा घेतलेला असतो, म्हणून दोरा आणल्यावर सुईवर ३ लूप. ते दोन-दोन करून २ ओढींत निघतात. अमेरिकी नाव ओढींच्या संख्येशी जुळतं (सिंगल १, डबल २) आणि ब्रिटिश नाव लूपांच्या संख्येशी (डबल २, ट्रेबल ३). एवढं ध्यानात राहिलं की तक्ता लागत नाही.

नमुना कुठला आहे हे वर छापलेलं नसेल तर आतल्या शब्दांवरून कळतं. एससी कुठेही दिसलं की नमुना अमेरिकी, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे नावाचा टाकाच नाही. एचटीआर दिसलं की ब्रिटिश. टाका सोडायला अमेरिकी ‘स्किप’ म्हणतात, ब्रिटिश ‘मिस’. ही खातरजमा न करता ब्रिटिश डीसीच्या जागी खांब घातले, तर ओळ जवळपास दुप्पट उंच होते, वीण जाळीदार पडते, आणि खेळणं असेल तर आतला कापूस बाहेर डोकावतो.

नवशिक्यांची खरी फसगत मात्र अक्षरांपेक्षा आकड्याच्या जागेवर होते. ‘सीएच ३’ म्हणजे ३ साखळ्या घाला. ‘सीएच-३ एसपी’ म्हणजे मागच्या ओळीत ३ साखळ्यांनी तयार झालेली मोकळी जागा. तिथे सुई घालायची, नवी साखळी घालायची नाही. तसंच, ‘पुढच्या टाक्यात ३ एससी’ म्हटलं की एकाच टाक्यात तीन मुके खांब, म्हणजे २ टाके वाढले. ‘पुढच्या ३ टाक्यांत एससी’ म्हटलं की प्रत्येकात एकेक, वाढ शून्य. ‘एससी२टॉग’मध्ये दोन टाके एकत्र बंद होतात, म्हणजे एक घटतो. ओळीच्या शेवटी कंसात जो आकडा असतो तो त्या ओळीतल्या एकूण टाक्यांचा. तो जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. तीन ओळी उसवण्यापेक्षा एक ओळ मोजणं केव्हाही बरं. खांबांच्या ओळीत नेहमी एकच टाका कमी भरत असेल, तर ओळीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या आहेत का ते बघा. बहुतेक नमुन्यांत त्या धरतात, आणि परत येताना त्यांच्या माथ्यावर शेवटचा खांब घालायचा राहून जातो.

आता गेज. ठरावीक लांबी-रुंदीत, बहुतेक वेळा १० सेंमी × १० सेंमी चौकोनात, किती टाके आणि किती ओळी बसतात, त्याला गेज म्हणतात. ब्रिटिश नमुन्यात यालाच ‘टेन्शन’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाला भलताच अर्थ चिकटल्यामुळे गेजच बरा. मराठीच हवं तर ‘विणीचं माप’ म्हणावं, पण दुकानात लोकरीच्या गुंडीवर तो शब्द सापडणार नाही.

समजा नमुन्यात १० सेंमीत १६ टाके सांगितलेत आणि स्वेटरचा घेर १०० सेंमी हवा, म्हणजे १६० टाके. तुमचा हात घट्ट असून १० सेंमीत १८ बसत असतील, तर तेच १६० टाके ८९ सेंमीत संपतील. अंगात जाणार नाही. टाके जास्त भरले तर सुई अर्धा मिमी जाड घ्या, कमी भरले तर बारीक. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणून आकडा जुळवायला जाऊ नका, चार ओळींत हात मूळ सवयीवर येतो. सुईवरच्या जुन्या क्रमांकापेक्षा मिलिमीटर बघा. ब्रिटिश जुना ८ क्रमांक ४ मिमीचा आहे आणि अमेरिकी ८ क्रमांक ५ मिमीचा.

गेज मोजण्यासाठी आधी विणायचा नमुनातुकडा १० सेंमीचाच विणू नका, १५ सेंमीचा विणा. कडेचे टाके ओढले जातात, म्हणून मोजायचं ते मधल्या १० सेंमीत, अर्धा टाका आला तर तोही धरून. मोजण्याआधी तुकडा धुऊन, न ताणता सपाट वाळवा. कित्येक लोकरी धुतल्यावर पसरतात.

टाके जुळले पण ओळी जुळत नाहीत, हे वरचेवर होतं. नमुन्यात ‘३० सेंमी होईपर्यंत विणा’ असेल तर खुशाल दुर्लक्ष करा. ‘६० ओळी विणा’ असेल आणि नमुन्याच्या २० ओळींच्या जागी तुमच्या २२ बसत असतील, तर त्याच उंचीला ६६ ओळी लागतील, आणि लोकरही थोडी जास्त.