तीन नावे पाठ आहेत, पण सरकार कळलेले नाही

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो आणि दर रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत मी आठ ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्यांच्या नेहमीच्या शाळेत सध्या सरकारच्या तीन शाखांचा धडा चालू आहे. तो मुलांना मराठीतही सांगता यावा, अशी पालकांची इच्छा आहे. काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद), राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय ही नावे मुलांना तोंडपाठ आहेत; पण ‘कायदा कोण करते?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणतो. तीन फांद्यांचे झाड काढून झाले, तक्ता भिंतीवर लावून झाला. आता काय करावे?

उत्तर : ते झाड आधी पुसून टाकावे. झाडाच्या फांद्या आपापल्या दिशेने वाढतात, एक फांदी दुसरीला अडवत नाही. आणि या धड्यातले सारे मर्म तर अडवण्यातच आहे. त्यातून मराठीत ‘शाखा’ म्हटले की बँकेची शाखा डोळ्यांसमोर येते, आणि शाखा आली की तिच्यावर हुकूम चालवणारी मुख्य कचेरीही आलीच. मुले ती कचेरी राष्ट्राध्यक्षांच्या घरात नेऊन बसवतात, यात त्यांचा दोष नाही. म्हणून आपल्या नागरिकशास्त्रातला ‘शासनाची तीन अंगे’ हा शब्दप्रयोग घ्यावा आणि कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही नावे गोष्ट सांगून झाल्यावर, म्हणजे मुलांना त्यांची गरज वाटू लागल्यावर द्यावीत.

गोष्ट खरी असावी आणि एकाच कायद्याची असावी. मी नदीची गोष्ट सांगते. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीत कारखान्यांचे तेल आणि कचरा इतका साचला होता की जून 1969 मध्ये या नदीला आग लागली. ‘पाण्याला आग कशी लागेल?’ असे कोणीतरी विचारतेच, आणि तेवढ्यावर वर्ग आपल्या हाती येतो. देशातल्या नद्यांची अशी दशा झाल्यावर काँग्रेसने 1972 मध्ये पाण्याच्या शुद्धतेसाठी एक मोठे विधेयक मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना त्याचा खर्च फार वाटला, म्हणून त्यांनी 17 ऑक्टोबरला नकाराधिकार वापरून ते परत पाठवले. इथे थांबून ‘आता संपले का?’ असे विचारावे. बहुतेक हात ‘हो’च्या बाजूने वर येतील, कारण मुलांच्या लेखी मोठ्यांनी ‘नाही’ म्हटले की विषय संपतो.

पण तो संपला नाही. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी, म्हणजे सिनेटने 52 विरुद्ध 12 आणि प्रतिनिधिगृहाने 247 विरुद्ध 23 मतांनी नकाराधिकार मोडून काढला आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीवाचून कायदा झाला. नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात; हे आकडे फळ्यावर लिहून त्यांत तेवढी मते भरतात का, हे मुलांनाच काढू द्यावे. सिनेटमध्ये त्या दिवशी 64 जणांनी मत दिले, म्हणजे किमान 43 मते हवी होती आणि पडली 52. अपूर्णांकांना इतका भारदस्त उपयोग एरवी सहसा मिळत नाही. ‘कायदा राष्ट्राध्यक्ष करतात’ हे उत्तर या हिशेबातच गळून पडते. दूरदर्शनवर सही करताना तेच दिसतात म्हणून मुलांना तसे वाटत असते, एवढेच.

न्यायालय अजून आलेले नाही आणि ते मुद्दाम उशिरा आणावे. या कायद्याने सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामांसाठी तीन वर्षांकरिता 18 अब्ज डॉलरपर्यंत तरतूद केली होती. मात्र निक्सन यांनी त्यातला बराचसा पैसा वाटू नये, असा आदेश दिला. कायदा तर झाला, पण तिजोरीची किल्ली कार्यकारी मंडळाच्या हाती राहिली. न्यूयॉर्क शहर न्यायालयात गेले. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याने वाटायला सांगितलेली रक्कम अशी अडवून ठेवता येणार नाही. एका नदीपासून निघून मूल तिन्ही दारांवरून जाऊन येते आणि प्रत्येक दाराशी कोणी ना कोणी कोणाला तरी अडवलेले असते.

प्रश्न : वर्गात सरकारचा खेळ घेतला, तर प्रत्येकालाच राष्ट्राध्यक्ष व्हायचे असते आणि न्यायाधीश झालेली मुले कंटाळून जातात. काय चुकते आहे?

उत्तर : बहुधा नियम फार मोठा निवडला जात असावा. ‘वर्गात टोपी घालायची नाही’ एवढाच नियम कायदेमंडळ झालेल्या मुलांकडून मंजूर करून घ्यावा, राष्ट्राध्यक्षांची सही घ्यावी आणि वाट पाहावी. जॅकेटला जोडलेली टोपी डोक्यावर ओढून कोणी आत आले, की ‘ही टोपी आहे का?’ या प्रश्नावरून वर्ग दुभंगतो. न्यायाधीशांना काम मिळाले! त्यांनी नियमाचे शब्द वाचायचे, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि निकालाचे कारण मोठ्याने सांगायचे. तोवर मात्र त्यांनी गप्प बसायचे, कारण कोणी दावा घेऊन आल्याशिवाय न्यायालयाला बोलता येत नाही. तेव्हा त्यांचा कंटाळा अगदीच गैर नाही.

न्यायाधीश निवडून देऊ नयेत. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवावे आणि सिनेट झालेल्या गटाने मान्यता द्यावी. नाव एकदा तरी फेटाळले गेले, तर फारच छान. न्यायालय कायदाच घटनाबाह्य ठरवू शकते, हा भाग या वयात ओझरता सांगितला तरी पुरे. तो अधिकार राज्यघटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही, 1803 च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात न्यायालयाने तो प्रस्थापित केला, हे आपल्याला माहीत असावे, कारण एखादी चौकस मुलगी ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारणारच.

प्रश्न : ‘तिघांत मोठे कोण?’ असे मुले विचारतात. ‘तिघे समान’ हे उत्तर त्यांना पटत नाही.

उत्तर : मलाही ते पुरते पटत नाही, कारण तिघांची ताकद वेगवेगळ्या जातीची आहे. मोठेपणा मोजायचा कशाने, हा प्रश्न मुलांकडेच परतवावा. राज्यघटनेत पहिला आणि सर्वांत लांब अनुच्छेद काँग्रेसचा आहे. सैन्याचे सरसेनापती राष्ट्राध्यक्ष आहेत. मुदतीने मोजले, तर प्रतिनिधीला 2 वर्षे, राष्ट्राध्यक्षांना 4, सिनेटरला 6 आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना, वर्तन नीट असेपर्यंत, आयुष्यभर. घराने मोजले, तर मात्र याच न्यायाधीशांची गंमत होते : 1935 पर्यंत त्यांना स्वतःची इमारत नव्हती, आणि त्याआधी शतकाहून अधिक काळ त्यांचे कामकाज काँग्रेसच्याच कॅपिटॉल इमारतीत चालत असे.