गाडीच्या छताचे लोंबणारे कापड आणि घरची सोलापुरी चादर

प्रश्न : माझी २०११ सालची छोटी हॅचबॅक गाडी जुळे सोलापुरात घरासमोर उघड्यावरच उभी असते. तिच्या छताचे आतले कापड मागच्या बाजूने सुटून डोक्यावर लोंबू लागले आहे. आधी टाचण्या लावल्या, नंतर सुतारकामाचा पांढरा गोंद लावला. दोन्ही उपाय उन्हाळ्यात निकामी ठरले. आता जुने कापड काढून घरातली नवी सोलापुरी चादर तेथे चिकटवावी, असा विचार आहे. हे काम घरी जमेल का आणि गोंद कोणता घ्यावा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : काम घरी जमण्यासारखे आहे, परंतु आपण केलेले दोन्ही उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला. दोष कापडात नाही आणि गोंदातही मुळात नाही. छताच्या पत्र्याखाली दाबून बनवलेला, आकार दिलेला एक पुठ्ठा असतो आणि कापडाच्या पाठीला सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम जोडलेला असतो. म्हणजे पुठ्ठ्याला कापड नव्हे, तर हा फोम चिकटलेला असतो. उष्णता आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे वर्षानुवर्षे तो कुजत जातो आणि शेवटी त्याची पिवळसर भुकटी होते. सुटलेल्या कापडाखाली बोट फिरवून पाहा, ती भुकटी हाताला लागेल. भुकटीवर कितीही चांगला गोंद लावला तरी तो भुकटीलाच धरून बसतो आणि तिच्यासकट खाली येतो. त्यात पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतील हवा साठ अंशांच्या आसपास जाते आणि छताचा पत्रा तर त्याहूनही तापतो.

तेव्हा पुठ्ठा बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग सन व्हायझर, हाताने धरायच्या कड्या, आतला दिवा आणि खांबांवरची प्लास्टिकची आवरणे काढावीत, पुढच्या सीटच्या पाठी पूर्ण आडव्या कराव्यात आणि पुठ्ठा दोघांनी मिळून डिकीच्या दारातून हळूच बाहेर घ्यावा. एकट्याने ओढाताण केली की पुठ्ठा मध्येच मुडपतो आणि ती मोड नव्या कापडातूनही कायम दिसत राहते. आपल्या गाडीच्या काळातील छोट्या गाड्यांत छताच्या कडेला सहसा एअरबॅग नसते. मात्र खांबांच्या आवरणावर एअरबॅगची खूण कोरलेली असेल, तर हे काम घरी करूच नये.

खरी मेहनत पुढे आहे आणि बहुतेक जण तेथेच कंटाळतात. तोंडाला फडके बांधून, नायलॉनच्या ताठ ब्रशाने जुना फोम पुठ्ठ्याचा मूळ पृष्ठभाग दिसेपर्यंत खरवडून काढावा. तारेचा ब्रश वापरू नये, त्याने पुठ्ठ्याचे पापुद्रे निघतात. तळहात फिरवल्यावर भुकटी लागत नाही, तेव्हाच हे काम पुरे झाले असे समजावे.

आता चादरीविषयी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या टिकाऊपणाबद्दल सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही; तरीही छतासाठी ती योग्य नाही. जाड सुती विणीमुळे ती जड असते आणि पुठ्ठ्याच्या खोलगट भागांत बसण्यापुरती ताणली जात नाही. तिच्या पाठीला फोम नसल्यामुळे पुठ्ठ्यावरचा प्रत्येक उंचवटा वरून दिसतो, गोंदही विणीतून झिरपून डाग पडतात. शिवाय गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळावे यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे; घरातील चादर त्या कसोटीसाठी विणलेली नसते. शहरातील कुशनवाल्यांकडे फोम लावलेले रूफ लायनिंगचे कापड मीटरवर मिळते, तेच घ्यावे.

गोंद उष्णता सहन करणारा, फवाऱ्याचा घ्यावा आणि डब्यावर लिहिलेली मर्यादा सत्तर अंशांहून कमी असल्यास तो परत करावा. काम सकाळी, सावलीत आणि मोकळ्या हवेत करावे. दुपारच्या झळांत गोंद कापड टेकण्याआधीच सुकतो. त्याची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळपास विडी-काडी नको. कापड सर्व बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर जास्त ठेवून पुठ्ठ्यावर पसरावे, अर्धे उलटून दोन्ही पृष्ठभागांवर फवारणी करावी, गोंद बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतपत सुकू द्यावा आणि मग मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबत जावे. उरलेल्या अर्ध्याचेही तसेच करावे. खोलगट जागी कापड ताणून धरण्याचा मोह होतो, पण ताणलेले कापड पहिल्याच उन्हाळ्यात तेथून उचलले जाते. उलट ते सैल सोडून बोटांनी आत बसवावे. कडा मागे दुमडून चिकटवाव्यात आणि एक दिवस जाऊ देऊन मगच पुठ्ठा गाडीत चढवावा.

प्रश्न : मग चादरीचे सीटकव्हर शिवले तर चालेल का? आमच्या नव्या गाडीत सीटमध्येही एअरबॅग आहेत.
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : चादरीची खरी जागा तीच, घाम शोषते आणि उन्हात रेग्झिनसारखी चटका देत नाही. मात्र पुढच्या सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूस, एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली दिसेल. अपघाताच्या वेळी सेकंदाच्या काही शतांश भागात ती पिशवी तेथील शिवण फाडून बाहेर येते. जाड चादरीने ती बाजू झाकली तर पिशवीची वाट अडते, म्हणून कव्हर त्या बाजूने पूर्ण उघडे ठेवून मागून नाड्यांनी बांधावे. सीटखालच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये आणि कव्हराचा काठ सीट सरकण्याच्या रुळापर्यंत लोंबू देऊ नये.