कवळीचा मऊ थर सुटतोय, फेव्हिक्विकनं चिकटवू का?

फेव्हिक्विक लावू नका. तुम्ही लिहिलंय की आईंच्या खालच्या कवळीला आतून बसवलेला सिलिकॉनचा मऊ थर सहा महिन्यांत मागच्या कडेनं सुटला आणि डॉक्टर बाहेरगावी आहेत. तो गोंद सिलिकॉनला धड धरत नाही, वर वाळून काचेसारखा कडक होतो. मऊ थर ज्या हिरडीला जपायला बसवलाय, त्याच हिरडीला त्याची कड टोचेल. शिवाय पुढं लॅबमध्ये तो गोंद खरवडताना कवळीचा बेस, म्हणजे हिरडीवर बसणारा कडक भाग, तोही झिजतो.

मी सोलापुरातच दातांच्या लॅबमध्ये काम करतो. खालच्या जबड्याचं हाड झिजून धारदार झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी असे थर आमच्याकडे नेहमी येतात, आणि तक्रार बहुतेक एकच असते: कड उघडते. लोकांना वाटतं मटेरियल खराब. बहुतेकदा दोष त्याच्या मऊपणात नसतो, थर आणि बेस जिथं जुळतात त्या सांध्यात असतो.

कवळीचा गुलाबी बेस अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा. मऊ थर दोन जातीचे. एक अ‍ॅक्रिलिकचाच, प्लास्टिसायझर घालून मऊ केलेला. तो बेसच्याच कुळातला असल्यानं बेसशी रासायनिक रीतीनं एकजीव होतो, पण प्लास्टिसायझर लाळेत हळूहळू निघून जातो आणि थर कडक पडतो. दुसरा सिलिकॉनचा. तो जास्त काळ मऊ राहतो, पण अ‍ॅक्रिलिकशी त्याचं आपणहून काहीच जमत नाही. मध्ये प्रायमर लागतो. प्रायमरमधलं द्रावण अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभाग किंचित सैल करतं आणि सिलिकॉनला धरायला एक पातळ थर मागं ठेवून उडून जातं. सगळी भिस्त त्या पातळ थरावर. या सांध्यानं दर चौरस सेंटिमीटरला निदान ४.५ किलो ताण सोसावा, असा एक जुना निकष दंतशास्त्रात वापरतात.

आता हा प्रायमरचा थर बिघडतो कुठं? बेस ताजा खरवडलेला नसला, त्यावर पॉलिश, लाळ किंवा बोटाचा तेलकटपणा राहिला, प्रायमर जाड फासला किंवा पुरता वाळू दिला नाही, की पकड गेली. प्रायमर लावलेल्या जागेला बोट लागलं तरी ती जागा मी पुन्हा साफ करून घेतो. काही ठिकाणी वाळूच्या फवाऱ्यानं बेस खडबडीत करतात. त्यावरच्या अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत, कारण खड्ड्यांत सिलिकॉन नीट उतरलं नाही तर तिथं हवा अडकते. मला बरनं (घासायच्या फिरत्या टोकानं) नुकताच घासलेला स्वच्छ बेस जास्त भरवशाचा वाटतो.

आणि कड. थर कडेला कागदासारखा पातळ करत नेला की तो तिथूनच उचकटतो. बेसमध्ये स्पष्ट पायरी कापून थर तिला भिडवून संपवावा लागतो. आपल्याकडे शेंगाचटणीशिवाय जेवण होत नाही. तिचा बारीक कूट उघड्या कडेत शिरला की रोज थोडी थोडी फट वाढते, पाणी आत जातं, बुरशी धरते. थराची जाडी २ ते ३ मिलिमीटर लागते. त्याहून पातळ थर उशीचं काम करत नाही, आणि खालच्या कवळीत त्यासाठी फार कोरलं तर बेसच तडकतो. म्हणून कुणी ‘अजून मऊ, अजून जाड करा’ म्हटलं तर मी डॉक्टरांना आधी बेसची जाडी मोजायला सांगतो.

तुमच्या बाबतीत जुना थर पूर्ण काढून, बेस ताजा करून नवा बसवावा लागेल. नुसती कड चिकटवून उपयोग नाही, कारण आत लाळ गेलेली आहे. कवळी वाकणारी, नायलॉनची असेल तर आधीच सांगा: तिला हे थर नीट धरत नाहीत. डॉक्टर लवकर परतणार नसतील तर केगावला डेंटल कॉलेज आहे, तिथं प्रोस्थोडॉन्टिक्स (कवळ्या आणि कृत्रिम दातांच्या) विभागात दाखवा.

तोवर कवळी गरम पाण्यात धुऊ नका, ब्लीचमध्ये बुडवू नका. मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं धुवा. सुटलेली कड ओढू नका, कात्री लावू नका. ती टोचत असेल तर कवळी काढून ठेवा. आईंना कडक भाकरी आमटीत पुरती भिजवून द्या.

एखादा तुकडा पडला असेल तर तो मात्र जपून न्या. बेस तिथं अगदी स्वच्छ दिसला, तर प्रायमरची पकड सुटली. बेसवर सिलिकॉनचा पापुद्रा उरला असेल, तर थर स्वतःच फाटला, म्हणजे या वेळी मटेरियल बदलायला सांगा.